मिरवणूक संपते तिथून

म्हैसूरला तुम्ही कधी गेला आहात का? गेला असाल, तर राजवाडा पाहिला असेल. चामुंडीच्या टेकडीवर जाऊन आला असाल, परतताना म्हैसूरपाकाचे डबे घेतले असतील. पण बन्नीमंटपाला गेला होतात का? बहुतेक जण जात नाहीत. दसऱ्याचा दिवस सोडला तर तिथे पाहण्यासारखं फारसं काही नाही. एक मोठं मैदान, प्रेक्षकांसाठी पायऱ्या, आजूबाजूला कॉलेजं, दुकानं आणि बंगळूरकडे जाणारी वाहनं.

तरीही मी आज तुम्हाला तिथे घेऊन जाणार आहे. मी आणि माझा धाकटा भाऊ दसऱ्यानंतर दोन दिवसांनी तिथे गेलो होतो. त्याला गर्द सोडून तेव्हा चौदा महिने झाले होते. घराबाहेर, नव्या गावात, एकत्र केलेला आमचा तो पहिलाच प्रवास होता.

राजवाड्यापासून पाच किलोमीटर

मुंबई-पुण्याकडून म्हैसूरला जायला दादरहून सुटणारी शरावती एक्सप्रेस सोयीची. पुणे, मिरज, बेळगाव, हुबळी करत ती म्हैसूरला पोचते. स्टेशनापासून राजवाडा जवळच आहे. तिथून बन्नीमंटप साधारण पाच किलोमीटर. रिक्षा मिळते, पण पाय चालत असतील तर चालतच जा. कारण दसऱ्याची मिरवणूक ज्या रस्त्याने जाते तोच हा रस्ता.

म्हैसूरच्या वडियार घराण्याने दसऱ्याचा हा उत्सव १६१० साली श्रीरंगपट्टणला सुरू केला. ती परंपरा विजयनगरकडून आलेली. आज विजयादशमीला सुमारे ७५० किलो वजनाची सोन्याची अंबारी हत्तीच्या पाठीवर ठेवतात आणि तिच्यात चामुंडेश्वरीची मूर्ती बसवतात. पूर्वी त्या अंबारीत स्वतः राजे बसत. या मिरवणुकीला जंबू सवारी म्हणतात. ती राजवाड्यातून निघते, के. आर. सर्कलवरून सयाजीराव रोडला लागते आणि शेवटी बन्नीमंटपाच्या मैदानावर पोचते. रात्री तिथे मशालींची कवायत होते आणि दहा दिवसांचा दसरा संपतो.

सयाजीराव रोड हे नाव वाचून तुम्ही थबकला असाल. हो, बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड, तेच. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावात जन्मलेल्या आपल्या माणसाचं नाव म्हैसूरच्या मुख्य रस्त्याला आहे. पाटी वाचून भावाने मला कोपराने ढोसलं. खूप वर्षांनी त्याने असं केलं होतं.

याच रस्त्यावर देवराज मार्केट आहे. कुंकवाचे रंगीत ढीग, केळ्यांचे घड, हातांनी मोजून दिले जाणारे मोगऱ्याचे गजरे. आईसाठी चंदनाचा साबण आणि अगरबत्ती घ्यायची होती. दुकानात गर्दी होती आणि माझे पाय दुखत होते. भाऊ म्हणाला, "ताई, तू बस इथे. मी आणतो." मी पाचशेची नोट दिली आणि पायरीवर बसले.

दहा मिनिटं झाली. पंधरा झाली. विसाव्या मिनिटाला मी उभी राहिले. घरात कुणी नशा करणारं असेल, तर त्या क्षणी माझ्या मनात काय चाललं होतं ते तुम्हाला सांगायला नको. पाचशे रुपये, अनोळखी गाव, मोठा बाजार. मी गर्दीत शिरणार, एवढ्यात तो समोरून आला. हातात पिशवी होती. दुकानदाराकडे सुटे नव्हते, म्हणून तीन दुकानं फिरावी लागली होती. त्याने उरलेले पैसे माझ्या हातावर ठेवले आणि अगदी सहज म्हणाला, "मोजून घे."

त्याच्या आवाजात राग नव्हता, हे सगळ्यात वाईट होतं. आणि त्याहून वाईट म्हणजे, मी मोजले. मनाने ठरवायच्या आधी बोटांनीच मोजले.

त्यानंतर बराच वेळ आम्ही न बोलता चालत राहिलो.

शमीखालची गोष्ट

कन्नडमध्ये बन्नी म्हणजे शमी आणि मंटप म्हणजे मंडप. म्हैसूरचे राजे विजयादशमीला इथवर येऊन शमीची पूजा करत. आपल्याकडे आपट्याची पानं सोनं म्हणून देतात, कर्नाटकात बन्नीची देतात. आपण म्हणतो, सोनं घ्या, सोन्यासारखं राहा. उत्तर कर्नाटकातल्या गावांत म्हणतात, बन्नी घेऊन सोन्यासारखे राहू या. सीमेच्या दोन्ही बाजूंना इच्छा एकच.

शमीची गोष्ट तुम्हाला माहीत आहे. अज्ञातवासात जाताना पांडवांनी आपली शस्त्रं शमीच्या झाडावर बांधून ठेवली आणि वर्ष संपल्यावर अर्जुनाने ती परत घेतली. लहानपणी आपण ही गोष्ट शौर्याची म्हणून ऐकतो. बन्नीमंटपाच्या रिकाम्या पायऱ्यांवर बसून ती मला पुन्हा आठवली, तेव्हा तिची सुरुवात आठवली. पांडव अज्ञातवासात गेले कशामुळे? शत्रूने लढाईत हरवलं म्हणून नव्हे, तर घरातला थोरला, सगळ्यांत शहाणा माणूस फाशांपासून उठू शकला नाही म्हणून.

आणि तो एकदाच खेळला नाही, हे आपण विसरतो. पहिल्या द्यूतात युधिष्ठिराने राज्य घालवलं, भाऊ घालवले, स्वतःला घालवलं आणि द्रौपदीला पणाला लावलं. तिने धृतराष्ट्राकडे मागितलेल्या वरामुळे सगळे सुटले. राज्यही परत मिळालं. सगळे घरी निघाले होते. वाटेतच पुन्हा खेळायचं बोलावणं आलं आणि युधिष्ठिर मागे वळला. काय होणार हे माहीत असूनही वळला. बारा वर्षं वनवास आणि तेराव्या वर्षी अज्ञातवास, हा पण त्या दुसऱ्या डावाचा.

ज्या घरांत व्यसन शिरलं आहे, त्या घरांना हा दुसरा डाव चांगला माहीत असतो. आमच्याही घरात तो झाला. पहिल्यांदा आम्ही भावाला एका ठिकाणी ठेवलं होतं. तिथे कुलूप होतं आणि मारही होता, हे नंतर कळलं. तो घरी आला, आईने ओवाळलं, नातेवाईक जेवायला आले. तिसऱ्या महिन्यात जुन्या मित्राचा फोन आला. आईच्या पाटल्या गेल्या त्या त्यानंतर.

वनपर्वात आणखी एक प्रसंग आहे. वनवासात युधिष्ठिर बृहदश्व ऋषींना विचारतो की माझ्याइतका दुर्दैवी राजा आणखी कुणी आहे का? ऋषी त्याला उपदेश करत बसत नाहीत. ते नळाची गोष्ट सांगतात. नळ, म्हणजे फाशांपायी राज्य घालवून बायकोलाही अंतरलेला दुसरा राजा, जो पुढे सावरला. हरलेल्या माणसाला आधी सावरलेल्याची गोष्ट ऐकायला मिळाली.

१९३५ साली अमेरिकेत ॲक्रन या गावी दारू सोडू पाहणारी दोन माणसं एकमेकांशी बोलत बसली. त्यातून अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही चळवळ उभी राहिली. १९५३ मध्ये तिच्याच धर्तीवर नार्कोटिक्स ॲनॉनिमस सुरू झाली. आज या दोन्हींच्या सभा आपल्या अनेक शहरांत होतात. तिथे फी नसते आणि आडनाव विचारत नाहीत. एकजण आपली गोष्ट सांगतो, बाकीचे ऐकतात. बृहदश्वांनी केलं तेच.

पुण्यातलं अंगण

मराठी माणसाला या विषयात जास्त लांब जायची गरज नाही. १९८० च्या दशकात गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, मुंबई-पुण्याच्या गल्ल्यांत आणि कॉलेजांत पसरली, तेव्हा डॉ. अनिल अवचट यांनी त्यावर लिहिलं. त्यांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट मनोविकारतज्ज्ञ होत्या आणि येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करत. ते लिखाण वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले. या मुलांसाठी काहीतरी करा, म्हणून त्यांनी एक लाख रुपये देऊ केले. २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याला मुक्तांगण सुरू झालं.

नावातच अंगण आहे. त्या काळी व्यसनी माणसाबद्दल दोनच मतं होती. एक, हा बिघडलेला आहे, याला फटके द्या. दोन, हा वेडा आहे, याला कोंडा. अवचट दांपत्याने तिसरी वाट घेतली. हा आजार आहे, आजारी माणसाला उपचार हवेत आणि उपचारांइतकंच प्रेमही. तिथला निवासी उपचार पस्तीस दिवसांचा असतो. बरे झालेले अनेक जण पुढे तिथेच काम करू लागले, नव्याने आलेल्यांची उलटी पुसू लागले. बायकांच्या सुखदुःखासाठी 'सहचरी' गट निघाला, आणि व्यसनात सापडलेल्या स्त्रियांसाठी 'निशिगंध' हा वेगळा विभाग. १९९७ मध्ये अनिताताई गेल्या, २०२२ मध्ये अनिल अवचट गेले. त्यांची मुलगी मुक्ता पुणतांबेकर आज हे काम पुढे नेत आहेत.

अशा केंद्रात तुम्ही कधी गेलात, तर एक गोष्ट लक्षात येईल. कालपर्यंत घर डोक्यावर घेणारी माणसं तिथे पहाटे उठून केर काढतात, पोळ्या लाटतात, ताटं घासतात. इंजिनिअर असो की हमाल. विराटाच्या घरी तरी काय वेगळं होतं? भीम स्वयंपाक करत होता, नकुल घोडे सांभाळत होता, सहदेव गाई, आणि अर्जुन मुलींना नाच शिकवत होता. नाव, पद, शस्त्रं झाडावर ठेवून रोजचं काम नेमाने करायचं. वर्षभर.

पस्तीस दिवसांनंतर

पण तुम्हाला खरं सांगायचं आहे ते पुढचं. केंद्रातून घरी येण्याचा दिवस दसऱ्यासारखा असतो. फुलं असतात, पेढे असतात, फोटो काढले जातात. आणि मग सोमवार येतो. भाऊ सकाळी आठला दात घासून बसला होता आणि त्याला जायला कुठेच जागा नव्हती. नोकरी गेलेली. मित्र होते ते नशेतले. मोबाइलमध्ये ज्यांचे नंबर होते त्यांतले निम्मे पुसून टाकायचे होते. मिरवणूक संपली होती आणि मैदान रिकामं होतं. आयुष्य उभं करायचं ते तिथून.

त्या चौदा महिन्यांत आम्ही जे शिकलो, ते तुमच्या कामी यावं म्हणून सांगते.

पहिली गोष्ट, घरात कोंडून नशा सोडवू नका. रोज भरपूर दारू पिणाऱ्याची दारू एकदम बंद केली तर त्याला फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. गर्दाची तलफ वेगळी, तिच्यात अंग मोडून येतं, जुलाब-उलट्या होतात. दोन्हींवर औषधं आहेत. सुरुवात डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करा.

दुसरी, केंद्र निवडताना आत जाऊन पाहा. डॉक्टर कोण आहेत, नोंदणी आहे का, रुग्णाला घरच्यांशी बोलू देतात का, हे विचारा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ व्यसनाच्या रुग्णांनाही लागू आहे. त्यांना मारणं, साखळीने बांधणं हा उपचार नव्हे, ते बेकायदा आहे. आम्ही पहिल्या वेळी काहीच विचारलं नाही. घरातली ब्याद गेली, एवढंच वाटलं होतं.

तिसरी, पुन्हा घसरण झाली तर सगळं संपलं असं समजू नका. मधुमेहाची साखर वाढली की आपण रुग्णाला हाकलून देत नाही, डॉक्टरकडे नेतो. इथेही तेच. पण एक धोका लक्षात ठेवा. काही महिने गर्द बंद असेल तर शरीराची सवय मोडलेली असते. अशा वेळी जुन्याच मापाने घेतलं तर श्वास बंद पडून मृत्यू येऊ शकतो. म्हणून घसरण लपवायला लागू नये, असं घर ठेवा. ओरडाआरडा नंतरही करता येतो.

चौथी, पोलिसांच्या भीतीने उपचार टाळू नका. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातच तशी तरतूद आहे. अल्प प्रमाणाशी किंवा स्वतःच्या सेवनाशी संबंधित गुन्ह्यात सापडलेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल, तर काही अटींवर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळतं.

पाचवी, एकटे राहू नका. केंद्र सरकारने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी पाहणीत दिसलं की दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला काही ना काही उपचार मिळतात. उरलेले सदतीस कुठे असतात? घरांत. बंद दारामागे, चार लोक काय म्हणतील या भीतीत. १४४४६ हा व्यसनमुक्तीसाठीचा सरकारी हेल्पलाइन क्रमांक आहे, फोनला पैसे पडत नाहीत. घरच्यांनीही तिथे बोलावं. बंगळूरच्या निम्हान्समध्ये व्यसनोपचाराचा स्वतंत्र विभाग आहे, आणि सरकारी जिल्हा रुग्णालयातल्या मनोविकार विभागातही विचारता येतं.

आणि सहावी, काम. पगार किती हा प्रश्न नंतरचा. सकाळी उठून कुठेतरी वेळेवर जायचं असणं, हे औषधाइतकंच महत्त्वाचं आहे. भाऊ आता एका ओळखीच्या माणसाच्या सायकल दुकानात बसतो. पंक्चर काढतो, चाकं सरळ करतो. एकेकाळी तो विमा कंपनीत टाय लावून जात असे. सुरुवातीला ओळखीचं कुणी दिसलं की तो मान खाली घालायचा. आता घालत नाही.

रिकामं मैदान

संध्याकाळ झाली तेव्हा आम्ही बन्नीमंटपाच्या बाजूला बसलो होतो. दोन दिवसांपूर्वी इथे हत्ती आले होते, घोडे आले होते, मशाली फिरल्या होत्या. आता कामगार बांबू सोडवत होते. दोन मुलं क्रिकेट खेळत होती. वाऱ्यावर कागदी पेले उडत होते.

लॉजवरच्या आजींनी सकाळी निघताना पूजेतली बन्नीची थोडी पानं आमच्या हातावर ठेवली होती. भावाने ती खिशातून काढली. बारीक, वाळत आलेली पानं. त्याने अर्धी मला दिली आणि मराठीतच म्हणाला, "सोनं घे."

मी त्याच्या पाया पडू दिलं नाही. मला बोलायचं होतं. "मघाशी मी पैसे मोजले," मी म्हटलं.

"मोजायलाच हवेत," तो म्हणाला. "मी आईच्या पाटल्या मोजल्या नव्हत्या. तोळ्याला किती येतील तेवढंच मोजलं होतं."

मी गप्प राहिले. तोही गप्प राहिला. मग म्हणाला, "मी चौदा महिने रोज सकाळी म्हणतो, फक्त आजचा दिवस. तूही तेवढंच म्हण. आयुष्यभर विश्वास ठेव असं मी नाही म्हणत."

तुमच्या घरात असं कुणी परत आलं असेल, तर हे वाक्य लक्षात ठेवा. शस्त्रं आपल्याकडेही असतात. उशीखाली ठेवलेली पाकिटं, खिसे चाचपणारे हात, "पुन्हा सुरू केलंस ना?" हा प्रश्न. त्यांची गरज होती म्हणून ती आली, त्यात आपला दोष नाही. पण ती जन्मभर हातात धरून बसलं, तर समोरच्यालाही आपलं जुनं नाव टाकता येत नाही. एकदम फेकून द्या असं नाही. पांडवांनीही फेकली नव्हती, बांधून वर ठेवली होती.

परतताना हायवे सर्कलजवळ चहाची टपरी दिसली. मी पर्स त्याच्या हातात दिली आणि रस्त्याच्या अलीकडेच उभी राहिले. तो दोन कप घेऊन आला, पर्स परत दिली. रात्री लॉजवर ती उघडून पाहायचा मोह मला झाला, हे कबूल करते. मी ती बॅगेच्या तळाशी ठेवली, वर कपडे ठेवले आणि दिवा घालवला.

म्हैसूरला जाल तेव्हा राजवाडा पाहाच. रविवारी रात्री तो हजारो दिव्यांनी उजळतो, तेही पाहा. पण एखाद्या संध्याकाळी, दसरा नसताना, बन्नीमंटपापर्यंत चालत जा. बरोबर घरातलं ते माणूस असलं तर उत्तम. पाच किलोमीटर पुष्कळ होतात बोलायला, आणि न बोलायलाही.